काटेभाऊ आणि वीस दाण्यांचा जोर

काट्याची काच उघडण्याआधी काटेभाऊ खिडकीकडे तोंड वळवून सगळा श्वास सोडून द्यायचे. मग काच वर, चिमट्याने वजन पारड्यात, काच खाली, आणि तेव्हा कुठे पुढचा श्वास. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला दमा आहे. मी पाणी आणायला धावलो. त्यांनी हातानेच मला थांबवलं, काच नीट लावली आणि म्हणाले, "दमा नाई जी. फुंकर लागते त्याले. आपल्याले समजत नाई, पण त्याले समजते."

आमच्याकडे तराजूला काटाच म्हणतात. म्हणून हे काटेभाऊ. खरं नाव होतंच, पण ते पोस्टमन सोडून कुणी वापरत नसे. राहायला सिंदेवाहीला. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता, पण भाऊंच्या लेखी तो एकच मुलूख होता. आरमोरीच्या सोनारापासून जिवतीच्या डोंगरातल्या शाळेपर्यंत, जिथे म्हणून नाजूक काटा असेल, तिथे भाऊ एसटीने जायचे. हत्यारांची पेटी मांडीवर. कंडक्टर म्हणे, वर ठेवा, तर म्हणत, "तिकीट लावा तिचं बी, पण वर नाई ठेवत." एखाद्या काट्यावरून वाद झाला की लोक एवढंच विचारायचे, "भाऊनं पाह्यला काय?" पाहिला असेल तर वाद मिटला.

मी आरमोरीचा, भातवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन चंद्रपूरच्या अलीकडच्या एका नव्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो. नोकरी अजून कायम नव्हती. प्रयोगशाळेत बारा काटे होते, त्यातले नऊ मेलेले. भाऊ आले, चार दिवस राहिले, आणि बाराच्या बारा जिवंत करून गेले. त्यानंतर दरवर्षी येत. त्या काळी मी स्वतःला फार सुधारलेला समजायचो. आमच्या घरी बौद्ध माणसाचा कप वेगळा ठेवायचे. मी मात्र भाऊंबरोबर एकाच किटलीतला चहा प्यायचो, आणि तो पिताना चारचौघांना दिसेन अशी काळजीही घ्यायचो. काय म्हणावं या शहाणपणाला!

एकदा मी विचारलं, "भाऊ, या धंद्यात तुम्ही आलात कसे?" ते सुईच्या टोकाला तेल लावत होते. हात न थांबवता म्हणाले, "बाप मालकाच्या खळ्यावर राबे. संध्याकाळी मजुरीचं धान मापाले मालकाचा माणूस पायली घेऊन बसे, अन् बापाले म्हणे, तू तिकडं उभा राय. पायली भरली का अर्धीच, बापाले तिथून दिसेच नाई. छप्पन साली बाप नागपूरले जाऊन बौद्ध झाला, अन् येताना म्हणे, आता दूर उभं राह्याचं नाई. मले तिथल्याच काट्याच्या दुकानात ठेवून देल्लं. मंग म्या ठरवलं, मापाच्या इतलं जवळ बसाचं का कोणी उठवू नाई शकणार." एवढं बोलून त्यांनी सुई उजेडात धरून पाहिली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

काट्याजवळ बसलेल्या भाऊंना खरंच कुणी उठवू शकत नसे, ते मात्र इतरांना उठवत. आमचे प्राचार्य चांगले अंगापिंडाने भरलेले. एकदा ते पाहणीला आले आणि भाऊंच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. भाऊंनी दोन मिनिटं सहन केलं, मग हात जोडून म्हणाले, "साहेब, जरा भाईर या. तुमची गरमी लागून राह्यली काट्याले." प्राचार्यांचा चेहरा असा झाला की मला हसू दाबायला कपाटात तोंड घालावं लागलं. पण बोलणं खरं होतं. ते बाहेर गेले आणि डुलणारी सुई पाच मिनिटांत जागेवर आली.

भाऊंचा सगळ्यात मोठा कायदा होता पालटण्याचा. वस्तू डाव्या पारड्यात, वजन उजव्यात, असं एकदा तोलून झालं की ते आकडा कुणाला सांगायचे नाहीत. वस्तू उजव्यात, वजन डाव्यात, पुन्हा तोलायचं. दोन्हीकडून एकच आलं तर बोलायचं. "एका बाजूनं तं कोणी बी खरं बोलते," ते म्हणत. "पालटून इचारा. पालटल्याबिगर सांगाचं नाई." सोनार दारात खोळंबून बसला असला तरी त्यांचं हे सुटत नसे. मुलांना मी हे पुस्तकातून शिकवायचो, परीक्षेला येतं म्हणून. भाऊ ते जगत होते. आता असं लिहिताना माझीच मला लाज वाटते, कारण पुढे काय केलं ते मला माहीत आहे.

झालं असं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत माझे एक गुरू होते. तिथे अवकाशयानासाठी विजेवर चालणारं इंजिन बनवत होते. त्यात जाळ नाही, धूर नाही. वायूचे कण विजेने भारून अतिशय वेगाने मागे फेकायचे आणि त्या धक्क्याने यान पुढे सरकवायचं. हा धक्का मोजायचा कसा, हे कोडं होतं, कारण तो होता वीस-पंचवीस तांदळाच्या दाण्यांच्या वजनाएवढा आणि इंजिन स्वतः चार किलोचं. गुरूंनी लिहिलं, तुमच्याकडे काटे दुरुस्त करणारा कुणी अवलिया आहे म्हणतोस, तर हा धक्का मोजणारा काटा करून बघता का? थोडा निधी, एक नकली इंजिन आणि दोन वर्षांची मुदत. आमच्या कॉलेजात अशी गोष्ट कधी घडली नव्हती. प्राचार्यांनी मला बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, हे नीट पार पडलं तर तुमचं कायम होणं धरूनच चाला.

मी भाऊंना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वीस दाण्यायचा जोर? तेवढ्यानं तं फूटपट्टी नाई सरकत जी. यान काय सरकन?" मी म्हटलं, भाऊ, वर अडवायला काहीच नाही, ना हवा, ना जमीन. वीस दाण्यांचा जोर पण रात्रंदिवस, महिनोन्‌महिने, न थांबता. वेग साठत जातो. भाऊ एकदम खुलले. "म्हंजे आमच्या मायची चाल. हळूहळू जाये, पण बसे नाई. बैलबंडीच्या आंधी बाजारात पोचे." त्या दिवसापासून ते त्या इंजिनाला 'माय' म्हणायला लागले. "मायची दांडी", "मायची तार". संस्थेच्या कागदात त्याला लांबलचक नाव होतं. आमच्या प्रयोगशाळेत ती मायच होती.

काटा असा होता. एक आडवी दांडी बारीक तारेने मधोमध टांगायची, एका टोकाला इंजिन, दुसऱ्याला तेवढंच वजन. इंजिनाने ढकललं की दांडी केसभर वळणार. दांडीवर छोटा आरसा, त्यावर दिव्याचा झोत, आणि समोरच्या भिंतीवर प्रकाशाचा ठिपका. दांडी केसभर वळली की ठिपका बोटभर सरकणार. ऐकायला सोपं, पण पहिले सहा महिने ठिपका नुसता नाचत होता. कॉलेजसमोरून कागद कारखान्याकडे बांबूचे ट्रक जायचे. भाऊ ठिपक्याकडे बघून सांगायचे, "भरेल गेला," "हा रिकामा आला." शेवटी त्यांनी सगळं सामान वरच्या मजल्यावरून खाली आणवलं, कोपऱ्यातली फरशी काढून खड्डा खणवला, त्यात रेती भरली आणि वर दगडी लादी ठेवली. मग ट्रक गेलेला आम्हाला कानानेच कळायला लागला.

जोर मोजायला आधी माहितीतला जोर लावून बघावा लागतो. मी म्हटलं, तांदळाचेच दाणे घेऊ. भाऊंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तांदूळ पाणी पिते सर. पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. भातवाल्याचे पोरगे न तुमी?" आणि त्यांनी केसासारख्या तांब्याच्या तारेचे तुकडे कापून, घासून, पालटून पालटून तोलून वजनं केली. ती इतकी हलकी होती की त्या टेबलापाशी शिंकायची बंदी होती. मला एकदा शिंक आली. दोन वजनं शोधण्यात पूर्ण दुपार गेली, आणि भाऊ संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

खरं संकट होतं वायरीचं. इंजिनाला वीज द्यायची म्हणजे बाहेरून वायर आत न्यायची आणि दांडीवरून इंजिनापर्यंत पोचवायची. वायर म्हणजे एक स्प्रिंगच. तापली की ताठते, निवली की ढिली पडते आणि प्रत्येक वेळी दांडीला ओढते. वीस दाण्यांच्या जोरात पाच दाणे तिचेच. भाऊ तीन आठवडे त्या वायरीकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "जे पोसते, थेच ओढते. घरोघरी हेच हाये." त्यांनी जाड वायर काढून टाकली. केसाएवढ्या पातळ तारांची सैल वेटोळी केली आणि ती वरून, दांडी जिथे टांगली होती बरोबर त्याच मध्यावरून खाली सोडली. मध्यावर ओढलं तर दांडी वळतच नाही. ठिपका शांत झाला. मी भाऊंना मिठी मारली. ते अवघडून उभे राहिले, आणि म्हणाले, "आता पालटा."

"यात पालटायचं काय? पारडी कुठे आहेत?" मी म्हटलं.

"पारडं नसलं तरी तोंड हाये न? मायचं तोंड फिरवा. जोर तिचा असन तं ठिपका तेवढाच उलटीकडे जाईन. अन् वायरीची ओढ असन तं वायर मायकडे थोडीच पाह्यते? थे आपल्याच बाजूनं ओढन. सारं उघडं पडते."

इतकं साधं. मी पुस्तकं वाचून वाचून डोळे फोडले होते, पण मला ते सुचलं नव्हतं. नकली इंजिनाचं तोंड फिरवलं, तांब्याच्या वजनांनी जोर लावला, ठिपका तेवढाच उलट सरकला. भाऊंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

दोन वर्षांनी काटा दक्षिणेत न्यायची वेळ आली. तिथे मोठी टाकी होती, आतली सगळी हवा काढलेली. तिच्यात खरं इंजिन चालणार होतं. भाऊंनी एकच विचारलं, "चालू झाली का मायचा उजेड निळा पडते म्हंता. खिडकीतून दिसते काय?" मी म्हटलं, दिसतो. ते लहान मुलासारखे हसले. संस्थेच्या पत्रात दोन माणसांची सोय लिहिली होती. मी भाऊंना सांगितलं, एकालाच परवानगी आहे.

का सांगितलं? इतक्या वर्षांनी तरी खरं बोलावं. मला त्यांच्या धोतराची लाज वाटली. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांसमोर ते "जी" आणि "हाये" करतील याची लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी काट्याबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर भाऊंना येईल, मला येणार नाही, याची भीती वाटली. भाऊंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. दांडी स्वतः भाताच्या तणसात गुंडाळून पेटीत भरली, बल्लारशाहच्या स्टेशनापर्यंत पेटी मांडीवर घेऊन आले. गाडी हलली तेव्हा खिडकीला हात लावून चालता चालता म्हणाले, "सर, पालटल्याबिगर सांगू नका."

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या तंत्रज्ञाने भाऊंच्या तारा पाहून मान हलवली. इतक्या पातळ तारा आमच्या दाबाच्या विजेला चालणार नाहीत, म्हणाला. जाड वायर लावली. ती मध्यातून वरून नेता येत होती, पण त्यासाठी टाकीचं झाकण पुन्हा उतरवावं लागलं असतं. त्याने ती बाजूने नेऊन दांडीला स्क्रूने आवळली. माझ्या डोळ्यांदेखत. मला कळत होतं की हे चूक आहे. पण सगळे घाईत होते, मी पाहुणा होतो, तोंडातून शब्द फुटला नाही. टाकीतली हवा काढायला पूर्ण दिवस गेला. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. खिडकीत निळा उजेड पडला, अगदी शांत, गॅसच्या बारीक केलेल्या शेगडीसारखा. ठिपका सरकला. हिशेब केला तर जोर आला वीस दाण्यांचा. गुरूंनी कागदावर आधी काढून ठेवलेला आकडाही वीसच होता. टाळ्या पडल्या.

आता इंजिनाचं तोंड फिरवायचं म्हणजे टाकी उघडायची, पुन्हा हवा काढायची, आणखी दोन दिवस. गुरूंनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "झालं ना? का अजून काही करायचं आहे?" मला बल्लारशाहचा प्लॅटफॉर्म आठवला. देवाशपथ आठवला. मी म्हटलं, "नाही, झालं." मग कुणीतरी विचारलं, काटा फारच सुरेख आहे, कुणी केला? मी म्हणालो, "आम्ही कॉलेजात केला." आम्ही! आदरार्थी बहुवचनात मी एकटाच उभा होतो.

परत आल्यावर भाऊंनी पहिला प्रश्न केला, "पालटलं न जी?" मी म्हटलं, "हो, हो." त्यांनी डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले माहीत नाही.

सात-आठ महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं. त्यांनी वेगळ्या कामासाठी इंजिन उलटं बसवलं होतं, तर जोर वीसऐवजी दहाच दाण्यांचा निघाला. म्हणजे खरा जोर पंधराचा आणि पाच दाण्यांची ओढ दुसऱ्याच कशाची तरी. काटा परत पाठवत आहोत, लेखी खुलासा करावा. पत्राची एक प्रत थेट प्राचार्यांना. माझी पाचावर धारण बसली. कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात बैठकीपुढे जाणार होता. मी टाइपरायटरसमोर बसलो आणि इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. त्याचा अर्थ असा, की टांगणीचं काम एका अशिक्षित स्थानिक कारागिराकडून करून घेतलं होतं आणि दोष त्याच्या कामात असावा. किटलीतला चहा चारचौघांना दाखवून पिणारा तो मीच.

बस, तेवढ्या एका वाक्यावर मी सुटलो. बैठक झाली, मी कायम झालो. आणि भाऊ त्या वर्षी काटे तपासायला आले तेव्हा प्राचार्यांनी त्यांना दारातच थांबवलं. "तुमच्या कामामुळे कॉलेजचं नाव गेलं," म्हणाले. भाऊ तसेच माझ्या खोलीच्या दाराशी आले. चेहरा पांढरा. म्हणाले, "सर, दांडी परत आली म्हंते. मले पाहू द्या."

नाही कसं म्हणणार? दोन दिवस ते खाली रेतीच्या खड्ड्यापाशी बसून होते. आपल्या पातळ तारा पुन्हा मध्यातून सोडल्या, नकली इंजिन लावलं, जोर लावला, पालटलं, पुन्हा पालटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावलं. ठिपका उजवीकडे जितका गेला, डावीकडे तितकाच. "पहा सर. हा खरं सांगून राह्यला." मग त्यांनी दांडीच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे स्क्रू आवळल्याची खूण होती. त्यांनी बोट तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे पाहिलं. ते समजले. तरी त्या स्क्रूबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "काटा खरा हाये, इतलं कागदावर लिहून द्या. माह्यासाठी नाई. गावोगावी म्हणून राह्यले का भाऊचा काटा खोटा निंगाला. एकडाव असं झालं का मंग मले काट्याजवळ कोण बसू देईन?"

"लिहितो," मी म्हटलं. लिहिलं नाही.

लिहिणार तरी कसं? काटा खरा म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग चुकलं कोण? पुढच्या महिन्यात भाऊंचं पोस्टकार्ड आलं, मुलीच्या अक्षरात: कागद तयार झाला असल्यास घेऊन जाण्यास येतो. मी उत्तर दिलं नाही. एकदा ते स्वतः आले, माझा तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी मागच्या दाराने गेलो. मोठा प्राध्यापक, आणि मागच्या दाराने! त्यानंतर ते आले नाहीत. आधी दुसऱ्या कॉलेजांनी बोलावणं बंद केलं, मग शाळांनी, शेवटी सोनारांनी. आरमोरीला माझ्या घरी सणाला गेलो तेव्हा आमचा सोनार मला सांगत होता, "भाऊ माणूस चांगला जी, पण आता डोळे गेले असन त्याचे. तुमच्याच कॉलेजात चुकला म्हंते." मी मूग गिळून बसलो.

तीन वर्षं गेली. मी पीएच.डी. झालो, कायम तर होतोच, आता माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. तेव्हा कुठे माझ्यात धैर्य आलं. एक पत्र मराठीत टाइप केलं, कॉलेजचा शिक्का मारला आणि सिंदेवाहीला गेलो. भाऊ आपल्या भावाच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून आले, धानाचा चिखल गुडघ्यापर्यंत. मला पाहून खूश झाले, खरंच झाले. मुलगी शाळेत शिकवायला लागली होती. तिने पत्र मोठ्याने वाचलं: सदर तराजू पुन्हा तपासला असता निर्दोष आढळला, पूर्वीची तफावत काही तांत्रिक कारणांमुळे उद्भवली असावी.

भाऊंनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "काटा खरा. बरं. तुमी बी खरे. मंग खोटं कोण होतं जी?"

मुलगी म्हणाली, "जाऊ द्या न बाबा." पण त्यांनी हात वर केला, तोच, काट्यापुढे कुणी बोललं की वर व्हायचा तो. ते वाट बघत राहिले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी मुलीकडे कागद मागितला. तिने शाळेच्या वहीतलं पान फाडून दिलं. मी मांडीवर धरून चार ओळी लिहिल्या आणि या वेळी मीच वाचून दाखवल्या. भाऊ शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी पान हातात घेतलं, घडी घातली आणि मलाच परत दिलं.

"मले कशाले देता? मले तं पह्यलेपासून मालूम हाये. ज्याइले मालूम नाई, त्याइले द्या."

मग चहा झाला. त्यांनी इंजिनाबद्दल विचारलं, मायचा उजेड खरंच निळा होता काय म्हणून. मी सांगितलं, गॅसच्या शेगडीसारखा. ते म्हणाले, "वा!"

तो कागद मी कुणालाही दिला नाही. प्राचार्य निवृत्त झाले म्हणून दिला नाही, नव्या प्राचार्यांना काय घेणं म्हणून दिला नाही, गुरूंची तब्येत बरी नव्हती म्हणून दिला नाही. कारणं शोधायला मी हुशार होतोच. भाऊ कावीळ होऊन गेले. मी सिंदेवाहीला गेलो. अंगणात बरीच माणसं होती. जुन्या प्राचार्यांनीही यायचं सौजन्य दाखवलं होतं. ते चार माणसांत उभं राहून म्हणाले, "माणूस देवासारखा. फक्त एकदा, मोठ्या कामात, काटा चुकला त्याचा." भाऊंची मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. कागद माझ्या खिशात होता. मी मान खाली घातली.

ती मग आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि बरोबरच केलं तिने.

कागदावर असं लिहिलं आहे: 'वायर बाजूने बांधताना मी पाहिलं आणि गप्प बसलो. इंजिन मी पालटलं नाही. भाऊंनी विचारलं तेव्हा पालटलं असं खोटं सांगितलं आणि दोष त्यांच्यावर लिहून दिला. काटा खरा होता.' खाली माझी सही आहे.